एलिसे सोरेन्सन सिस्टरना पत्र

आदरणीय एलिसे सिस्टर,

आमच्याकडे दवाखान्यात नर्सला सिस्टर म्हणतात. तुम्ही तर सख्ख्या बहिणीसाठीच कामाला लागलात. १९५४ साली डेन्मार्कमध्ये तुमच्या बहिणीच्या, थोराच्या पोटावर स्टोमा (मल बाहेर यायला पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) झाला आणि चारचौघांत गळलं तर, या धास्तीने तिला घराबाहेर पडणं नकोसं झालं. तेव्हा मिळायच्या त्या कापडी पिशव्या, नाहीतर धातूच्या किंवा काचेच्या डब्या. पिशवी थेट कातडीला चिकटवायची आणि वापरून टाकून द्यायची, ही कल्पना तुमची. प्लास्टिकवाले लुई-हान्सेन आधी तयार नव्हते. त्यांच्या पत्नीने, त्याही नर्सच, त्यांना राजी केलं. त्या बाईंचेही आभार याच पत्रात मानतो.

तुम्ही नेमकं काय भरून काढलंत, ते गुदाशय काढल्यावर कळतं. मोठ्या आतड्याचा शेवटचा, जेमतेम १२ ते १५ सेंटीमीटरचा हा भाग एरवी रिकामाच असतो. मल उतरला की त्याची भिंत ताणली जाते, आतला गोल स्नायू आपोआप सैलावतो आणि गुदमार्गाचं नाजूक अस्तर ओळखतं: वारा आहे, पातळ आहे की घट्ट. मग बाहेरचा स्नायू आवळून माणूस वेळ मारून नेतो. स्टोमाला आवळणारा स्नायू नाही आणि वेदना कळवणाऱ्या नसाही नाहीत. साठवण्याचं काम तुमच्या पिशवीने घेतलं, कळवण्याचं हातावर आलं. अधूनमधून कपड्यावरून चाचपायचं आणि एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. अर्ध्यापुढे गेली की वजनानेच चकती (पिशवीचा कातडीला चिकटणारा भाग) वरून सुटू लागते.

गळतीचं मूळ मात्र बरेचदा चकतीच्या भोकात सापडतं. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो आणि घरचे पहिल्याच मापाने कापत राहतात. भोक स्टोमापेक्षा साधारण २ मिलिमीटर मोठं हवं. जास्त मोठं झालं तर मल कातडीवर बसतो. इलिओस्टॉमीत (लहान आतड्याच्या स्टोमात) त्यात पाचकरस असल्याने कातडी काही तासांत भाजल्यासारखी होते. लहान झालं तर कड स्टोमाला कापते आणि दुखत नसल्याने रक्त दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. (पुसताना थेंबभर रक्त येणं वेगळं, त्याने घाबरू नये.)

चकती तीन-चार दिवसांनी बदलायची. इलिओस्टॉमी असेल तर सकाळी, चहाच्याही आधी. एका हाताने कातडी दाबून धरायची आणि वरून खाली सोलत यायचं. साधं कोमट पाणी पुरे. स्पिरिट किंवा डेटॉल नको. आमच्या घरांत कातडी लाल दिसली की खोबरेल पुढे येतं, पण तेलावर चकती धरत नाही. ओलसर सोललेल्या जागी स्टोमा पावडर भुरभुरून जादाची झटकायची, चकती तळव्यांत धरून ऊबदार करायची आणि लावल्यावर दोन-तीन मिनिटं हाताने दाबून ठेवायची.

गुदाशय काढूनही काहींना शौचाची भावना येते. नसांची जुनी सवय ती, वेड नव्हे. गुदाशय आत ठेवला असेल तर खालून शेंबडासारखा स्राव येतो, तोही अपेक्षितच.

इलिओस्टॉमीतून दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिलिलिटर येतं. दीड लिटरच्या वर गेलं की नुसतं पाणी पिऊन भागत नाही, ओआरएस लागतं आणि डॉक्टरांना कळवायचं. ओलं खोबरं, मका, शेवग्याची शेंग नीट चावली नाही तर अडकतात. काही तास काहीच आलं नाही आणि पोटात कळा, उलटी सुरू झाली, किंवा स्टोमा जांभळा-काळा पडला, तर थेट दवाखाना.

एक कुरकुर तेवढी ऐका. आमच्याकडच्या दमट उकाड्यात चकतीची कड घामाने लवकर विरघळते आणि चार दिवसांची कधी दोनच दिवसांत बदलावी लागते. लोक वरून टेप लावून दिवस ढकलतात, आत मात्र कातडी सोलत असते. म्हणून आम्ही सांगतो, चकतीखाली खाज सुटली की तीच गळतीची पहिली खबर. टेप शोधू नका, चकती काढा.

तुमचे ऋणी,
पिशवी बदलायला शिकवणारे आम्ही