मानधन की पगार, हे एकदा ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कंत्राटी कर्मचाऱ्यांचे थकलेले मानधन गणपतीपूर्वी जमा होणार, ही कालच्या अंकातील बातमी वाचून आनंद झाला. मात्र जमा होणार म्हणजे नेमके किती, हे विचारावे असे आपल्या वार्ताहरास वाटलेले दिसत नाही.

माझी मुलगी तालुक्याच्या एका कार्यालयात एजन्सीमार्फत डाटा एन्ट्री ऑपरेटर आहे. करारात आकडा १८,००० रुपयांचा. हाती येतात १२,४००. भविष्य निर्वाह निधीचा तिचा हिस्सा १,८०० कापला जातो, ते रीतसर आहे. पण मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचे १,८०० देखील तिच्याच पगारातून जातात आणि पीएफच्या पासबुकात तेच पैसे ५५० आणि १,२५० असे दोन रकान्यांत 'मालकाचा हिस्सा' म्हणून ऐटीत बसलेले दिसतात. शिवाय तिला सल्लागार धरून व्यावसायिक शुल्क म्हणून दहा टक्के टीडीएस (आधीच कापून घेतलेला आयकर), म्हणजे आणखी १,८००. मी चौतीस वर्षे लेखा शाखेत काढली. पीएफसाठी नोकर आणि आयकरासाठी सल्लागार असा माणूस माझ्या टेबलावर कधी आला नव्हता. वर्षाला २ लाख १६ हजारांच्या पगारावर आयकर बसतच नाही. तरीही परतावा मिळेल म्हणून विवरणपत्र भरायला बसलो, तर नावावर जमा झालेला कर दाखवणारे २६एएस हे पत्रक कोरे. कापलेला कर भरलेलाच नाही.

एजन्सीला फोन केला की "काका, सिस्टीममध्ये अपडेट होईल," एवढेच उत्तर मिळते. कार्यालयातले साहेब म्हणतात, तो एजन्सीचा प्रश्न. कंत्राटदाराने पगार बुडवल्यास तो मूळ मालकाने, म्हणजे काम करून घेणाऱ्या कार्यालयाने द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आले आहे. परंतु इथे पगार बुडत नाही, तो कुरतडला जातो, त्यामुळे कोणाच्याच टेबलावर फाईल उघडत नाही.

राहिले कपातीतले २०० रुपये, ते व्यवसाय करापोटी. दरमहा २५,००० पर्यंत वेतन असलेल्या महिलांना एप्रिल २०२३ पासून राज्यात व्यवसाय कर माफ आहे, ही बातमी आपणच छापली होती. ती एजन्सीच्या ठाण्याच्या ऑफिसात अद्याप पोहोचलेली नसावी. आपला अंक आमच्याकडेही दुपारच्या एसटीनेच येतो म्हणा.

जाता जाता एक विनंती. 'मानधन' हा शब्द आपण तरी वापरू नये. सकाळी पावणेदहाला थम लावून संध्याकाळी सव्वासहाला सुटणाऱ्या मुलीला जे मिळते, त्याला पगार म्हणतात.

आपला,
एक निवृत्त लेखा लिपिक, राजापूर

(कृपया नाव छापू नये. मुलीचा करार मार्चअखेर नूतनीकरणाला आहे.)