गुहेचा फोटो छापा, वाट छापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मेघालयातल्या गुहांवर पानभर लेख आला आहे. मराठीत मेघालयावर लिहिणारे चेरापुंजीचा पाऊस आणि झाडांच्या मुळांचे पूल यांच्यापुढे सहसा जात नाहीत, त्यामुळे लेख पाहून बरं वाटलं. फोटोही झकास छापलेत. पण मधल्या मोठ्या फोटोतला तरुण छतावरून उतरलेला लवणस्तंभ (ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना साठून झालेला खांब) दोन्ही हातांनी धरून हसतो आहे. खाली 'कसे जाल?' या चौकटीत गावाचं नाव, ओढा कुठून ओलांडायचा, गाडी कुठे लावायची, गुहेचं तोंड कोणत्या झाडामागे आहे, इथपर्यंत सगळं दिलं आहे. या दोन गोष्टींबद्दल लिहायला बसलो आहे.

त्याआधी एक दुरुस्ती. लेखात मॉमलूह गुहा '4,200 वर्षे जुनी' म्हटली आहे. तो आकडा गुहेच्या वयाचा नाही. त्या गुहेतल्या एका लवणस्तंभाच्या थरांमध्ये जुन्या पावसाचा हिशेब सापडला. ठिबकणाऱ्या पाण्यातल्या ऑक्सिजनच्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण पावसाप्रमाणे बदलतं आणि जमणाऱ्या थरात ते तसंच राहतं. त्या थरांवरून सुमारे 4,200 वर्षांपूर्वी मान्सून दीर्घकाळ मंदावला होता असं दिसलं. 2018 साली भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिथपासून आजवरच्या काळाला 'मेघालयन' हे नाव दिलं, ते यावरून. गुहा त्याहून पुष्कळ जुनी, आणि ती ज्या चुनखडीत तयार झाली ती तर कोट्यवधी वर्षांची. अवर्षणाचा पुरावा निघाला तोही चेरापुंजीच्या शेजारी, याची मला अजून गंमत वाटते.

आता मुद्द्यावर येतो. मी सरकारी कचेरीत आरेखक होतो, सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेली. निवृत्त झाल्यावर एका फेब्रुवारीत भाच्याच्या मागे लागून त्याच्याबरोबर जैंतिया टेकड्यांत गेलो. फेब्रुवारीत अशासाठी, की पावसाळ्यात या गुहांमधून नद्याच वाहतात. भाचा सह्याद्रीत दोर लावून कडे चढणारा, त्याचे शिलाँगचे चार मित्र गुहांचं वेड असलेले. आम्ही गेलो त्या गुहेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे येईलच.

मला वाटलं होतं, गुहा 'बघायला' चाललोय. तिथे गेल्यावर कळलं की मोजायला चाललोय. एक जण लेझरचं छोटं यंत्र घेऊन मागे उभा, मी पुढच्या खुणेवर पुठ्ठा धरून. यंत्र एका दाबात अंतर, दिशा आणि चढ-उतार सांगतं. पूर्वी हेच काम टेप आणि होकायंत्र घेऊन चालायचं. मग त्या खुणेपासून डावी भिंत किती, उजवी किती, छत किती, तळ किती. एक मुलगी गुडघाभर गार पाण्यात उभी राहून न भिजणाऱ्या कागदावर पेन्सिलीने बोगद्याचा आराखडा काढत होती. हेल्मेटवरच्या दिव्याच्या उजेडात, पाठ वाकवून, तरी रेघ कुठे हलली नव्हती. माझ्या टेबलावर ट्यूबलाइटखाली माझी रेघ इतकी सरळ येत नसे, हे कबूल करतो. सहा तासांत आम्ही तीनशे मीटरही पुढे सरकलो नाही.

तेव्हापासून गुहांचे आकडे मी या तीनशे मीटरच्या हिशेबाने वाचतो. शिलाँगची मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशन आणि तिच्याबरोबर येणारे ब्रिटिश, जर्मन आणि इतर देशांचे गुहासंशोधक 1992 पासून मोहिमा काढत आले आहेत. या लोकांनी चारशे किलोमीटरहून जास्त बोगदे मोजून कागदावर आणले. जैंतिया टेकड्यांतली क्रेम लियात प्राह ही गुहा तीस किलोमीटरच्या वर जाते ('क्रेम' म्हणजे खासी भाषेत गुहा). मॉसिनरामजवळची क्रेम पुरी 2018 साली मोजून झाली, साडेचोवीस किलोमीटर भरली आणि वालुकाश्मातली जगातली सर्वांत लांब गुहा ठरली. हे सगळं हौसेने, सुट्ट्या काढून, पदरचे पैसे घालून. तुमच्या लेखात या मोजणाऱ्यांबद्दल एक ओळ नाही. 'साहसी पर्यटनाची नवी पंढरी' असं मात्र दोनदा आलं आहे.

लवणस्तंभ धरलेल्या तरुणाला मी बोल लावणार असेन, तर आधी माझा गुन्हा सांगायला हवा. परतताना एका बुटक्या जागी मी वाकलो, पण पुरेसा नाही. हेल्मेटला काहीतरी लागलं आणि 'टिक्' असा आवाज झाला, काचेची बांगडी फुटते तसा. छताला नळ्या लटकल्या होत्या, उसाचा रस प्यायच्या नळीएवढ्या जाड, आतून पोकळ, पांढऱ्याशुभ्र, प्रत्येकीच्या टोकाला एक थेंब. त्यातली वीतभर लांबीची एक मी तोडली होती. मला कुणी रागावलं नाही. ती वहीवाली मुलगी थांबली, वही उघडली आणि त्या खुणेच्या क्रमांकापुढे लिहिलं: एक नळी तुटली, आज. रागावली असती तर बरं झालं असतं.

झिरपणारं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडीत उतरतं आणि थोडा चुना विरघळवून नेतं. गुहेच्या हवेत आल्यावर तो वायू निघून जातो आणि चुन्याचा अगदी पातळ थर मागे राहतो. अशी ही वाढ वर्षाला साधारण मिलिमीटरच्या काही अंशानेच होते. हाताच्या तेलाने तो पृष्ठभाग तुपकट झाला की नवा थर नीट धरत नाही, वर मळाचा काळा डाग बसतो तो वेगळाच. जिथे तिकीट काढून लोक जातात, त्या गुहांमध्ये हात पोचेल तिथवर स्तंभ काळे-तुळतुळीत आणि वर पांढरे असतात. देवळातल्या नंदीची पाठ आठवावी. नंदीला तेवढं चालतं.

फोटोंना माझा विरोध नाही, उलट गुहेतला फोटो काढणं हे किती कष्टाचं काम आहे ते मी पाहिलं आहे. आत उजेड म्हणजे आपण नेऊ तेवढाच. कॅमेरा तिपाईवर, झडप उघडी, आणि तीन माणसं खडकांआड लपून ठरलेल्या क्षणी दिवे पेटवणार. त्यात आपल्या श्वासाची वाफ दिव्यासमोर आली की सगळं धुकं. म्हणून 'श्वास धरा' अशी आरोळी यायची आणि साठीतला मी गाल फुगवून उभा. एका फोटोला पाऊण तास लागला. त्यात दूर कोपऱ्यात बोटाएवढा दिसणारा लाल डगल्यातला माणूस मी आहे. मी तिथे मोजपट्टी म्हणून उभा होतो. माझ्यावरून कळतं की ते दालन केवढं आहे. तुमच्या फोटोतला तरुण मात्र फोटोचा नायक आहे आणि गुहा त्याच्या मागचा पडदा.

अमेरिकेतल्या गुहाप्रेमींच्या राष्ट्रीय संघटनेचं एक ब्रीद आहे: फोटोंशिवाय काही नेऊ नका, पावलांच्या ठशांशिवाय काही ठेवू नका, वेळेशिवाय काही मारू नका. त्यातलं ठशांचं मला आता पटत नाही. आत वारा नाही, पाऊस नाही, पुसायला कुणी नाही. कोरड्या दालनातल्या चिखलात उठलेला बुटाचा ठसा शेकडो वर्षं तसाच राहू शकतो. म्हणून आमच्या मंडळींनी जमिनीवर रंगीत फीत टाकून एकच वाट आखली होती. सगळ्यांनी त्याच वाटेने जायचं, फोटोवाल्यानेही.

हे वाचून कुणी म्हणेल, मग गुहांबद्दल लिहूच नये. मीही तसंच म्हणालो होतो. त्यावर भाच्याचा एक मित्र म्हणाला, "काका, जी गुहा कुणालाच ठाऊक नाही, ती फोडताना कुणाला विचारावंही लागत नाही." ही चुनखडी सिमेंटच्या कारखान्यांना हवी आहे आणि त्याच टेकड्यांत कोळसाही आहे. उंदराच्या बिळासारख्या खाणींवर हरित लवादाने 2014 मध्ये बंदी घातली, तरी 2018 च्या डिसेंबरात अशाच एका खाणीत पाणी शिरून पंधरा मजूर अडकले. तिथली जमीन बहुतेक सरकारची नाही, कुळांची आणि गावांची आहे. मालकाने ठरवलं तर गुहा राहते, ठरवलं तर खडीच्या ट्रकात जाते. मालकाला सांगायला, कोर्टात दाखवायला हाताशी काय असतं? तो मोजलेला नकाशा आणि ते फोटो. क्रेम उम लाडॉ नावाच्या गुहेत 2019 मध्ये फिकट रंगाचे, आंधळ्यासारखे वावरणारे मोठे मासे दिसले. आपल्या खडशी माशाच्या नात्यातले, हातभर वाढणारे. जगात भूगर्भात राहणाऱ्या माशांत एवढे मोठे दुसरे माहीत नाहीत. 2023 साली ती नवी जात म्हणून नोंदली गेली आणि तिथल्या प्नार लोकांवरून तिला नाव मिळालं. कुणी उतरून पाहिलंच नसतं, तर तो मासा कागदोपत्री कधी नव्हताच.

फोटो पुरावा कसा ठरतो याचं याहून मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. 2006 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत एका हौशी गुहाप्रेमीने झोपलेल्या वटवाघळांचा फोटो घेतला. त्यात काहींच्या नाकाभोवती पांढरं काहीतरी होतं. ती बुरशी होती. पुढे तिने तिथली लाखो वटवाघळं मारली, आणि त्या रोगाची सर्वांत जुनी नोंद म्हणून आज तोच फोटो दाखवला जातो. बुरशी माणसांच्या बुटा-कपड्यांवरूनही पसरू शकते हे कळल्यावर तिकडचे क्लब एका गुहेतून दुसरीकडे जाताना सामान निर्जंतुक करतात आणि काही गुहांत स्वतःहून जात नाहीत.

आपल्याकडे बेसॉल्ट. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून आपल्या गुहा बहुतेक छिन्नीच्या, लेणी. त्यांवर कोळशाने बदाम काढणाऱ्यांबद्दल तुमच्याच सदरात पूर्वी लिहून झालं आहे. पण एक गुहा आपल्या अगदी उंबऱ्यावर आहे. खानापूर तालुक्यात, शिवकालीन भीमगडाच्या रानात, तळेवाडीजवळची बारापेडे. 1913 साली शास्त्रीय नाव मिळालेलं एक मुक्तपुच्छ वटवाघूळ विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगात फक्त तिथलंच माहीत होतं. मग ते कुठे सापडलं? कंबोडियात, आणि याच जैंतिया टेकड्यांतल्या गुहांत. बेळगाव-खानापूरकडच्या वाचकांनी हे वटवाघूळ आपलं म्हणायला हरकत नाही. तिथेही कुणी 'अनोळखी ठिकाण' म्हणून वाट छापू नये एवढीच धास्ती वाटते. झोपलेल्या वटवाघळांवर एकदा फ्लॅश पडला की थवा उठतो, आणि पिलं असण्याच्या दिवसांत उठलेल्या थव्यातून पिलू खाली पडलं तर संपलंच.

तेव्हा विनंती साधी आहे. गुहांवर जरूर लिहा, पानभर लिहा. लांबी, खोली, कुणी मोजली, आत काय राहतं, जमीन कुणाची, शेजारी खाण आहे का, हे सगळं छापा. मिळाला तर नकाशाही छापा, मात्र तोंडाची जागा वगळून. 'कसे जाल?' ही चौकट तिकीटघर असलेल्या गुहांपुरती ठेवा. मॉसमाईसारख्या गुहेत वाट बांधलेली आहे, दिवे आहेत, तिथे खुशाल पाठवा लोकांना. बाकी ठिकाणी शिलाँगच्या क्लबाशी बोलून, गावच्या मुखियाची परवानगी घेऊन मगच जा, एवढं लिहिलं तरी निम्मे हौशी गळतील.

छापील पुरवणी आता रद्दीत गेली असेल. ई-आवृत्तीत ती चौकट आणि हात लावलेला तो फोटो आज सकाळपर्यंत होता. तेवढे दोन्ही काढता आले तर पाहा.

आपला,
एक निवृत्त आरेखक,
कोथरूड, पुणे