आठ कप चहा आणि तुझी प्रश्नावली

रामबाग, इंदूर
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. तुझ्या सोसायटीतल्या आईबापांसाठीची प्रश्नावली मिळाली. सोबतची चिठ्ठीही मिळाली: ‘मोबाईलमुळे मुलांचे मार्क घसरतात हे तर दिसतंच आहे, तू फक्त शास्त्रीय भाषेत मांडून दे.’ गेली सव्वीस वर्षं मी पोरांना मानसशास्त्रातल्या संशोधनपद्धती शिकवतो. म्हणजे असलं वाक्य त्यांच्या तोंडून निघू नये म्हणूनच मला पगार मिळतो. तेव्हा रागावू नकोस. आधी आमच्या घरातला तमाशा सांगतो, मग तुझ्याकडे वळतो.

आईला तू ओळखतोसच. तिचं म्हणणं, चहात आलं खलबत्त्यात ठेचूनच घालायचं, किसणीवर किसलं की चव मरते. हिने नवीन किसणी आणली तेव्हापासून रोज सकाळी यावर एक फेरी होते. शेवटी मी म्हटलं, बघूच या. दोन कप केले, एक ठेचलेल्याचा, एक किसलेल्याचा, आणि आईसमोर ठेवले. तिने एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “हा किसलेला.” बरोबर! मी खूष. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, “चहा कुठे चाखला? तुमचं तोंड वाचलं त्यांनी.”

बंड्या, सव्वीस वर्षं शिकवून हे मला बायकोने सांगावं लागलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा होता. त्याचा मालक गणिताचा निवृत्त मास्तर. पाच अधिक तीन किती विचारलं की घोडा आठ वेळा टाप आपटायचा. तज्ज्ञांच्या समितीने तपासलं, लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या माणसाने साधी गोष्ट केली: ज्याला स्वतःलाच उत्तर माहीत नाही अशाला प्रश्न विचारायला लावलं. घोडा गडबडला. विचारणारा दिसेनासा केला, तरी गडबडला. विचारणारा टापा मोजताना नकळत किंचित पुढे झुकायचा आणि बरोबर आकडा आला की त्याचं डोकं जरासं वर व्हायचं. घोडा गणित नव्हे, माणूस वाचत होता. फुंग्स्टने हे १९०७ मध्ये छापलं. मालक लबाड नव्हता, हे मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मग आम्ही रीतसर केलं. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३५ च्या पुस्तकात चहाचाच प्रयोग मांडलाय. एका बाईंचा दावा होता की कपात दूध आधी घातलं की चहा आधी, हे त्या चवीवरून सांगू शकतात. आठ कप, चार असे, चार तसे, क्रम चिठ्ठ्या टाकून. आम्हीही तेच. दूध, साखर, पत्ती एकाच मापाची, आलं काट्यावर तोलून, गाळणी एकच. ठेचलेल्याचा चोथा कपात उतरला तर चव कशाला, डोळेच सांगतील, म्हणून दोनदा गाळला. दोन सारखे थर्मास, कारण एक चहा गरम आणि एक कोमट असला तर आई आलं ओळखते की गारठा, कोण सांगणार? चिठ्ठ्या लेकीने काढल्या, कप तिनेच भरले, मी नुसता हमाल. कुठल्या कपात काय, मलाही माहीत नाही.

आठपैकी सहा बरोबर. टाळ्या! आई तर पदर खोचून खलबत्ता घासायलाच निघाली.

पण हिशोब कर. आठातून चार कप निवडायचे ७० प्रकार होतात. नुसत्या अंदाजाने आठही बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. सहा किंवा त्याहून जास्त येण्याची मात्र सत्तरात सतरा, म्हणजे जवळजवळ चारात एक. जिभेला काही कळत नसलेला माणूसही दर चौथ्या खेपेला एवढं करून दाखवेल. आम्ही याला शून्य परिकल्पना म्हणतो: आधी धरून चालायचं की काही फरक नाही, आणि मग विचारायचं की असं असताना हे घडणं कितपत अवघड होतं. फारसं अवघड नव्हतं. मी आईला हे सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “मग अजून चार वेळा कर. एकदा तरी आठ येतील.”

आता हस, पण आमच्या अख्ख्या विषयाचं दुखणं त्या वाक्यात आहे. जमेपर्यंत करत राहायचं, जमलं की तेवढंच छापायचं. २०१५ मध्ये बऱ्याच संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले १०० छापील अभ्यास पुन्हा करून बघितले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम ‘लक्षणीय’, म्हणजे नुसत्या योगायोगाने सहसा न येणारा, आला होता. पुन्हा केल्यावर तो जेमतेम ३६ टक्क्यांत उतरला. सगळेच लबाड होते असं नाही. नमुने लहान होते, म्हणजे माणसं थोडी तपासली होती, आणि फसलेले प्रयोग न छापता खणात राहिले होते. म्हणून आमच्याकडे आता आधीच ठरलंय: अजून चार रविवार, चारही मोजायचे, निकाल काहीही येवो. कालनिर्णयवर लेकीच्या अक्षरात लिहिलंय, खाली आईची सही.

आता तुझं. सातवा प्रश्न बघ: ‘मोबाईलच्या अतिवापरामुळे मुलांचं अभ्यासाकडे दुर्लक्ष होतं असं आपल्याला वाटत नाही का?’ अरे, याला ‘नाही वाटत’ म्हणायची छाती कुठल्या बापाची आहे? शब्दाने माणसाची आठवणसुद्धा वाकते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, ‘आदळून चुरा झाल्या’ तेव्हा किती. दुसऱ्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? ‘चुरा’वाल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, ‘लागल्या’वाल्या ५० पैकी ७. फितीत काच फुटलेलीच नव्हती.

आणि ‘अतिवापर’ म्हणजे किती? एक तास? चार? तुझ्या सोसायटीतल्या जोशीणबाई म्हणतील ते, की कुलकर्णी म्हणतील ते? फोनमध्येच रोजचे तास-मिनिटं नोंदलेली असतात, ती विचार. आईबापांचा अंदाज वेगळा विचार, आणि दोन्ही शेजारी ठेव. माझ्या मते तुझ्या अख्ख्या सर्वेक्षणात वाचण्यासारखी गोष्ट ती निघेल.

कारण लोक सांगतात एक, करतात एक. माझीच फजिती ऐक. इंदूर २०१७ मध्ये स्वच्छतेत देशात पहिलं आलं, त्यानंतर मी पोरांना घेऊन आमच्याच भागात दारोदार फिरलो. ओला-सुका कचरा वेगळा करता का? सगळे हो! मी निष्कर्ष लिहायला बसलो की इंदूरकर मुळातच शिस्तीचा. (आमच्या पलासिया चौकातला सिग्नल पाहून हे लिहायची हिंमत कशी झाली, देव जाणे.) एक पोरगी म्हणाली, सर, सकाळी गाडी येते तेव्हा बादल्या बघू या का? बघितल्या. पुढचं विचारू नकोस. १९३४ मध्ये रिचर्ड लापिएर या समाजशास्त्रज्ञाने हेच उलट्या बाजूने दाखवलं होतं. तो एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरला, अडीचशेवर हॉटेलं-खानावळींत गेला, नकार मिळाला तो एकाच ठिकाणी. नंतर त्यांनाच पत्र पाठवून विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त म्हणाले, नाही.

तुझे ६२ प्रतिसाद आलेत म्हणतोस, सगळे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून. म्हणजे ज्यांना या विषयाचा आधीच राग आहे तेच भरणार. आकडा वाढवूनही हे सुटत नाही. अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने १९३६ च्या निवडणुकीआधी एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांवर परत आल्या, आणि रूझवेल्टविरुद्ध लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन गेले. नावं टेलिफोनच्या आणि मोटारींच्या यादीतून उचलली होती; मंदीच्या काळात फोन-मोटार कुणाकडे असणार? शिवाय परत पाठवणारेही हौशीच.

बरं, समजा नमुना चांगला मिळाला आणि जास्त मोबाईल-कमी मार्क अशी जोडी दिसलीच. तरी मोबाईलने मार्क घालवले, की वर्गात काही कळेना म्हणून पोरगं मोबाईलमध्ये शिरलं? की आईबाप दोघं रात्री नऊला घरी येतात, म्हणून दोन्ही? हा सहसंबंध झाला, कारण नव्हे. कारण शोधायला चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट पाडावे लागतील. तुझ्या सोसायटीत ते जमणार नाही, आणि तू करूही नयेस. तेव्हा ‘घसरतात’ लिहू नकोस, ‘सोबत दिसतात’ लिही. मुलांची नावं नि मार्क ग्रुपवर मागवलेस ते मात्र आजच काढ. उद्या कुणाचं पोरगं जिन्यात रडत बसलं तर तुझं संशोधन कुणाला हवंय?

सुधारलेली प्रश्नावली पाठव, तोवर आणखी कुणाला वाटू नकोस.

चहाचं सांगायचं राहिलं. ठरवलेल्या चारपैकी दोन रविवार झाले. गेल्या खेपेला चार बरोबर, म्हणजे अंदाजाने ठोकणाऱ्याला सगळ्यात जास्त वेळा मिळतो तो आकडा. त्या दिवशी आईला सर्दी होती, म्हणून तो धरू नये असा अर्ज आला, नामंजूर केला. आज सकाळी आठच्या आठ बरोबर. तेव्हापासून घरात किसणी दिसत नाहीये. दोन रविवार बाकी आहेत हे ऐकायला कुणी तयार नाही.

आईने मुद्दाम सांगितलंय, बंड्याला लिही, आठपैकी आठ. लिहिलं. चारचंही मी लिहिलंय, हे तेवढं तिला फोनवर बोलू नकोस.

तुझाच,
रामबागेतला मास्तर