सिझरच्या खर्चातील फरक नाकारल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

महोदय,

मी खानापूर तालुक्यातील आपली पॉलिसीधारक आहे. माझ्या दुसऱ्या बाळंतपणाचा क्लेम आपण केवळ नॉर्मल प्रसूतीच्या मर्यादेपर्यंत मंजूर केला. पूर्वमंजुरी नॉर्मलची होती आणि सिझर रुग्णाने आयत्या वेळी स्वतःहून निवडले, असे कारण आपण दिले आहे. ते वस्तुस्थितीला धरून नाही.

माझे गर्भाशय द्विशृंगी आहे, म्हणजे वरच्या बाजूस ते दोन भागांत विभागलेले आहे. अशा गर्भाशयात बाळाला फिरायला जागा कमी मिळते व ते पायाळू राहण्याची शक्यता वाढते. पहिल्या वेळी नेमके तेच झाले आणि सिझर करावे लागले. या वेळी बाळाचे डोके खाली होते आणि जुना छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा होता, म्हणून बेळगावच्या डॉक्टरांनी सर्व धोके समजावून नॉर्मलच्या प्रयत्नाला होकार दिला. एकच आडवा छेद असलेल्या १०० पैकी साधारण ६० ते ८० स्त्रियांची प्रसूती अशी नॉर्मल होते, तर जुना व्रण उसवण्याचा धोका १,००० मध्ये ५ ते ९ इतका असतो. मात्र माझ्यासारख्या गर्भाशयाला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, हेही त्यांनी सांगितले होते. म्हणूनच गावाजवळ न थांबता, ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी असेल अशा बेळगावातील रुग्णालयात मी दाखल झाले.

कळा चालू असताना बाळाचे ठोके घसरू लागले. व्रण उसवत असल्यास अनेकदा हेच पहिले लक्षण दिसते, त्यामुळे डॉक्टरांनी तातडीने सिझर केले आणि केसपेपरवर तसे कारणही नोंदवले. तो केसपेपर आपल्या अधिकाऱ्यांनी उघडून पाहिला असता, तर ‘स्वतःहून निवडले’ असे लिहिण्याचे धाडस झाले नसते. अशा प्रसूतीचा शेवट कसा होईल, हे पूर्वमंजुरीच्या अर्जावर कोणताही डॉक्टर लिहून देऊ शकत नाही.

गर्भाशयाचा दोष मी लपवला, असा दुसरा आक्षेपही आपल्या पत्रात आहे. तो दोष पहिल्या सिझरच्या वेळी उघडकीस आला आणि त्याची नोंद असलेला क्लेम आपणच मंजूर केला होता.

तरी सिझरच्या मर्यादेनुसार उरलेली रक्कम द्यावी व हा आक्षेप लेखी मागे घ्यावा. एका महिन्यात समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मी बेंगळुरू येथील विमा लोकपालांकडे दाद मागेन. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड व दोन्ही क्लेमच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली विश्वासू,
पॉलिसीधारक
ता. खानापूर, जि. बेळगाव