कार्ल्याहून परतल्यावर

चि. निनाद यास अनेक उत्तम आशीर्वाद.

समोर बसून बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, म्हणून हे पत्र तुझ्या टेबलावर ठेवतो आहे. काल एकवीरेच्या पायऱ्यांवर मी चारचौघांत तुझ्यावर ओरडलो, ते चुकलेच. पण तू छातीवर हात ठेवून कठड्याला टेकलास आणि जेवण जड झाले असे सांगून हसलास, तेव्हा मला तात्या दिसले. तेही असेच हसून टाळत असत. हे एकदाच लिहून थांबणार आहे.

देवीची ओटी भरायची आणि शेजारच्या चैत्यगृहाकडे, म्हणजे खडकात कोरलेल्या बौद्ध प्रार्थनागृहाकडे, पाठ फिरवून उतरायचे, हीच आपल्या घरची रीत. तू सात वर्षांचा असताना मात्र हट्टाने आत शिरलास, खांब मोजलेस आणि ३६ सांगितलेस. मोजताना तू ज्या खांबाला टेकला होतास, तोच राहिला होता. काल तू बरोबर ३७ मोजलेस, दोन्ही बाजूंना १५-१५ आणि स्तूपामागे ७. पण ते सांगताना तुला दोनदा थांबावे लागले, हे माझ्या लक्षात आले आहे.

छताखालच्या सागवानी कमानींकडे पाहून तू म्हणालास, की इथे वरचा भार डोंगरच पेलतो आहे, या लाकडाकडे काहीच काम नाही. इतकी वर्षे मुलांना इतिहास शिकवूनही मला ते इतके सरळ कधी सांगता आले नव्हते, आणि पूल बांधणाऱ्या मुलाचा बाप म्हणून मी मनातून सुखावलो. आधीची चैत्यगृहे लाकडाची असत. खडक कोरू लागल्यावरही कारागिरांनी ते रूप सोडले नाही, आणि गरज नसलेल्या त्या कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतर आजही जागेवर आहेत. माझ्या सूचनाही बहुधा त्याच जातीच्या आहेत.

वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे कोरून ठेवले आहे, हे ऐकून जाहिरात तेव्हाही होती म्हणून तू हसलास. धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे त्या काळच्या ग्रीकांनी, दिलेले खांब मी दाखवले. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने वलूरकाच्या, म्हणजे याच लेण्यांतल्या, भिक्षूंना करजिक गाव दिले. पुढे नहपानाचा पराभव होऊन सातवाहनांची सत्ता आली, तरी ते गाव भिक्षूंकडेच राहावे अशी आज्ञा मामालच्या अमात्याला गेली. मामाल म्हणजे आपले मावळ. राज्य बदलले तरी दिलेला शब्द पाळावा, असे मी तिथे दहा मिनिटे सांगत राहिलो आणि तू घामेजलेला उभा होतास. तुला आधी बसवायला हवे होते. पुन्हा वर्गात शिरलो, क्षमा कर.

एक लेख मात्र सांगायचा राहिला. दाराचे काम धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले आणि तिथे त्याने आपण वेणुवासाचे पुत्र असल्याचे नोंदवले. दगडातल्या कामावर सुताराचे नाव, हे तुला आवडले असते. हा वेणुवास कोण होता, काय करत होता, कोणालाच ठाऊक नाही. मुलाने लिहिले म्हणून त्याचे नाव उरले. मी घरी आल्यापासून त्याच्याविषयीच विचार करतो आहे. मुलगा परगावी कामाला निघाला तेव्हा त्यानेही काही विचारले असेल, आणि मुलाने हसून उडवून लावले असेल.

हॅम्बुर्गची नोकरी तू स्वतःच्या हिमतीवर मिळवलीस. तिकडे इतक्या लांब कशाला, हे आत्याचे बोलणे मनाला लावून घेऊ नकोस. तू जावेस असेच मला वाटते. फक्त दहा तासांच्या प्रवासाआधी छातीचा आलेख काढून घ्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ते मी एकदाच लिहिणार होतो.

तुला न विचारता डॉक्टरांकडे गुरुवारी सकाळी ९ ची वेळ घेतली आहे. रिक्षा साडेआठला दारात येईल. तू रागावशील, हे धरूनच चाललो आहे. आईला पायऱ्यांवरचे काही सांगितलेले नाही. तिला आपण दोघे परकीय चलन आणायला जातो आहोत असे सांग.

तुझा,
बाबा