मॉरिस स्ट्रीटवर एकदा जाऊन ये

प्रिय सोनू,

परवा फोनवर तू ऑफिस जर्सी सिटीत नदीकाठाला हाय म्हणालास ना, तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. तिथं मॉरिस स्ट्रीट आहे, 18 नंबर, हॅरी पोप नावाच्या जुन्या अमेरिकन बंदूक कारागिराचं दुकान तिथं होतं. रविवारी जाऊन बघ बिल्डिंग हाय का पाडली, आणि फोटो टाक. आई म्हणती पोरगं एवढं लांब गेलंय ते काय तुमच्या बंदुकवाल्याचं दुकान हुडकायला, पण तू जा.

2024 ला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नीलला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळालं तेव्हापासून मी रात्री मोबाईलवर रायफलचंच बघत बसतो, त्यात हा हॅरी पोप सापडला. जन्म 1861 चा, अमेरिकेतल्या एमआयटीत शिकलेला इंजिनियर, हार्टफर्डला सायकलच्या कारखान्यात नोकरी आणि घरी रायफलची बॅरल, म्हणजे नळी, करायचा. स्वतः उभ्यानं 200 यार्डावर नेम धरणारा, म्हणजे काय चुकलं ते गिऱ्हाईकानं सांगायच्या आधी त्याच्या खांद्यालाच कळायचं. 1906 ला सॅन फ्रान्सिस्कोत नवीन दुकान थाटलं आणि एप्रिलमध्ये तो मोठा भूकंप, सगळं गेलं. मग परत पूर्वेला येऊन तुझ्या त्या गावात बसला.

आता कामाचं ऐक. गोळीला फिरकी मिळावी म्हणून बॅरलमध्ये आतनं आठ पिळाच्या खाचा, पीळ डावा, आणि तोसुद्धा सारखा नाही, तोंडाकडं जाईल तसा घट्ट होत जाणारा. सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन नाही काय नाही, हातानं कटर ओढायचा, एका फेरीला जेमतेम धूळ निघणार. बॅरल मुद्दाम लांब ठेवायचं, तोंडाचा तुकडा कापून घ्यायचा आणि पिना मारून तोच परत असा बसवायचा की खाच खाचेला लागली पाहिजे. गोळी त्या खोट्या तोंडातनं आत ढकलायची म्हणजे खऱ्या तोंडाची कड झिजत नाही, बार टाकायच्या आधी तुकडा काढून ठेवायचा. विसरलास तर? म्हणून त्यावर एक अडसर उभा, तो असेपर्यंत नेमच दिसत नाही. हे वाचलं आणि मी चहा तसाच ठेवून उठलो बघ.

आणि दुकानात पाटी काय, तर कधी देईन ते सांगणार नाही, काम नीट झालं की न्या, नाहीतर दुसरीकडं घेऊन जा. आपल्या उद्यमनगरात असली पाटी लावायची कुणाची छाती हाय? मी चाळीस वर्षं 'मंगळवारी या' म्हणत आलो. तुझ्या बारावीच्या फीच्या वेळी एका पार्टीचा शाफ्ट असाच मंगळवार गाठायला रात्रीत काढला, टेपर राहिला, म्हणजे एक टोक जाड एक बारीक, जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला असता तर तिथंच कळलं असतं, पण लावलाच नाही. माल परत आला, पैसे तर गेलेच, पण ते चार लोकांसमोर शाफ्ट टेबलावर आपटणं अजून कानात हाय. तुला तेव्हा बोललो नव्हतो.

आता रिटायर माणूस, म्हणून एका पितळी पाईपाचं तोंड कापून पिना मारून बसवायला घेतलंय, नुसता नाद. जोड डोळ्याला दिसत नाही पण नखाला लागतोय. आई रोज विचारती कधी संपणार, तिला पोपची पाटी वाचून दाखवली तर भाकरी थापताना एवढी हसली की काय सांगू.

थंडीचा कोट घेतलास का? आणि तो फोटो विसरू नको.

पप्पा