चेंबरच्या कामाबद्दल

ड्रेस्डेन

ती. काकांस,
सा. न.

माशाचा जिवंत गर्भ पाण्यात ठेवून बघायच्या आमच्या सूक्ष्मदर्शकाच्या चेंबरचं, म्हणजे पाण्याच्या डबीचं, ड्रॉइंग पोचलं असेलच. कोल्हापुरात उद्यमनगरात मिलिंगवर हे काम होण्यासारखं आहे, फक्त पितळ नको. त्यातलं तांबं पाण्यात उतरतं आणि माशाची पिल्लं अंड्यातच मरतात. काळं डेलरिन, म्हणजे कडक प्लास्टिक, घ्या.

तुम्ही विचारलंत, एवढ्याशा डबीला तीन बोअर (आरपार गोल भोकं) कशाला? लेझरचा किरण सिलिंड्रिकल लेन्समधून गेला की एका दिशेनं दबतो आणि पापुद्र्यासारखा पडदा होतो. तो पहिल्या बोअरमधून येऊन झेब्राफिश या छोट्या माशाच्या जिवंत गर्भातून आडवा जातो. काटकोनातल्या दुसऱ्या बोअरमधली लेन्स तेवढाच उजळलेला थर बघते. बाकीच्या गर्भावर त्या वेळी प्रकाश पडत नाही, म्हणून रात्रभर फोटो काढले तरी तो जगतो.

पडदा आणखी पातळ करा म्हणाल, तर तिथंच गोम आहे. ६ मायक्रॉनचा पडदा साधारण १५० मायक्रॉन लांबीपर्यंत टिकतो. ३ चा केला की जेमतेम ४०. जाडी निम्मी, लांबी पाव!

लेन्सची तोंडं पाण्यात बुडतात, म्हणून बोअरमध्ये पाणी अडवणाऱ्या ओ-रिंगच्या (रबरी कड्यांच्या) खाचा आहेत. सगळे बोअर एकाच सेटिंगमध्ये मारा. अक्ष एका बिंदूत छेदले पाहिजेत, फरक ०.०५ मिमीच्या आत. उरलेलं किरण वळवणाऱ्या आरशाच्या स्क्रूनं जुळवता येतं. पाण्यात फ्लुरोसीन या चमकणाऱ्या रंगाचा थेंब टाकला की किरण हिरवा दिसतो.

गर्भ १.५ टक्के लो-मेल्टिंग अॅगरोज या जेलमध्ये, ३७ अंशांवर, काचेच्या केशनळीत ओढायचा आणि गोठल्यावर दट्ट्यानं बाहेर ढकलायचा. काच मध्ये राहिली तर चित्र फाटतं: तिचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.५, पाण्याचा १.३३. रात्रभराच्या कामाला मात्र हे जेल फार घट्ट. वाढणारी शेपूट वाकडी होते. त्याला एफईपी या पारदर्शक प्लास्टिकची नळी आणि ०.१ टक्का अॅगरोज. एफईपी पाण्याच्या जवळची, १.३४.

तिसरा बोअर पहिल्याच्या बरोबर समोर आहे. किरणोत्सवात वाटेत एखादी इमारत आडवी आली की अंबाबाईपर्यंत किरण पोचत नाही, तसंच इथं. बुडबुडा किंवा कातडीवरचा काळा ठिपका आडवा आला की त्याच्यामागं चित्रभर काळा पट्टा. दुसऱ्या बाजूनंही पडदा टाकला की बराचसा भरून निघतो.

आतले कोपरे गोल करा, ३ मिमी तरी. बुडबुडे नेमके तिथंच चिकटून बसतात. आणि ओ-रिंग दोन जादा पाठवा.

काकूंना नमस्कार.

तुमची पुतणी